शेनिन ब्लाँ : ल्वारकाठची वाइन, कृष्णाकाठचे ताट

फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनचा विषय निघाला की शार्दोने आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही दोन नावे प्रथम घेतली जातात. महाराष्ट्रात ज्या फ्रेंच पांढऱ्या द्राक्षाने चांगले मूळ धरले, त्याचे नाव मात्र तुलनेने कमी घेतले जाते. ते द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लाँ. नाशिक, अकलूज, पुणे या परिसरांत तयार होणाऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये त्याचा वाटा मोठा आहे. कोरेगाव, सातारा, सांगली या कृष्णाकाठच्या भागाशी त्याचा संबंध दुहेरी आहे. एक तर या पट्ट्यातील बागायतदारांसमोर वाइनच्या द्राक्षांचा पर्याय गेल्या अडीच दशकांत मांडला गेला; आणि दुसरे म्हणजे येथील ताटात जे पदार्थ असतात, त्यांतील बऱ्याच पदार्थांशी या वाइनचे चांगले जमते. या द्राक्षाचा इतिहास, त्याच्या वाइनचे प्रकार, त्यांना साजेसे पदार्थ आणि बागायतदारांचा हिशेब यांची माहिती येथे एकत्र दिली आहे.

मूळ गाव : ल्वारचे खोरे

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. सुमारे एक हजार किलोमीटरचा प्रवास करून ती अटलांटिक महासागरास मिळते. तिच्या मधल्या टप्प्यातील तुरेन आणि आंजू हे प्रांत शेनिन ब्लाँचे माहेर समजले जातात. तुरेनमधील मों-शेनिन या ठिकाणावरून द्राक्षाला हे नाव पडले, असे मानले जाते. सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक राबले हा याच प्रदेशातला. त्याच्या लेखनातही शेनिन द्राक्षांचा उल्लेख सापडतो. म्हणजे निदान पाच शतके हे द्राक्ष त्या नदीकाठी नांदते आहे.

या खोऱ्यातील गावांच्या नावांनीच तेथील वाइन ओळखली जाते. वूव्हरे आणि मोंलुई ही तूर शहराजवळची गावे. तेथील चुनखडीच्या मऊ पांढऱ्या दगडात खोदलेल्या गुहांमध्ये वाइन मुरत ठेवतात. आंजेर शहराजवळील साव्हेनिएर येथील वाइन कोरडी आणि भारदस्त असते. कोतो द्यू लेयाँ आणि कार द शोम येथील वाइन गोड, तर सोम्यूर येथील फसफसणारी वाइन प्रसिद्ध आहे. बाटलीवर द्राक्षाचे नाव बहुधा नसते, गावाचे असते. त्यामुळे ‘वूव्हरे’ असे लिहिलेली पांढरी वाइन म्हणजे शेनिन ब्लाँ, हे ग्राहकाला ठाऊक असावे लागते.

येथील शरद ऋतूत नदीवर धुके येते आणि वेलीवर राहिलेल्या घडांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. ही बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतील पाणी उडून जाते आणि साखर व आम्ल एकवटते. मजूर एकाच बागेतून तीन-चार वेळा फिरून पिकलेले तेवढेच मणी तोडतात. त्यातून मधासारखी गोड, तरीही जिभेला आंबट धार जाणवणारी वाइन तयार होते. ती अनेक दशके टिकते. वूव्हरेची १९४७ सालची गोड वाइन आजही जाणकारांच्या चर्चेत असते.

सतराव्या शतकात डच वसाहतकऱ्यांनी युरोपातील वेली दक्षिण आफ्रिकेत नेल्या. त्यांतच हे द्राक्षही होते, असे समजले जाते. तेथे त्याला ‘स्टीन’ हे नाव पडले. स्टीन आणि शेनिन ब्लाँ ही एकच जात असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निश्चित झाले. आज फ्रान्सपेक्षा दक्षिण आफ्रिकेत या जातीची लागवड अधिक आहे.

महाराष्ट्रात आगमन

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज समूहाने तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फसफसणारी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही पोहोचली. शेनिन ब्लाँला घरोघरी नाव मिळवून दिले ते नाशिकने. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकजवळ वेली लावल्या आणि २००० साली ‘सुला’च्या पहिल्या वाइन बाजारात आल्या. त्यांत सोव्हिन्याँ ब्लाँबरोबर शेनिन ब्लाँ होती. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी मिळून ‘फ्रातेली’ उभी केली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. तेथेही शेनिन ब्लाँची लागवड झाली. दिंडोरी येथे २०१३ साली सुरू झालेल्या ‘शांदों’च्या फसफसणाऱ्या वाइनमध्येही हेच द्राक्ष वापरले गेले.

ल्वारचे खोरे सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर नाशिक २० अंशांवर आणि कोरेगाव १८ अंशांच्याही खाली. थंड प्रदेशातील हे द्राक्ष एवढ्या दक्षिणेला कसे रुजले, याचे उत्तर त्याच्या आम्लात आहे. उष्ण हवेत द्राक्ष पिकू लागले की त्यातील साखर भराभर वाढते आणि आम्ल तितक्याच वेगाने घटते. आम्ल गेले की वाइन बेचव आणि सपक लागते. शेनिन ब्लाँमध्ये मुळातच आम्ल अधिक असते आणि ते सहजी सोडत नाही. शिवाय वेल जोमदार आहे आणि उत्पादनही बऱ्यापैकी देते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी. त्यामुळे घड थंडीत वाढतात आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. फ्रान्समध्ये ज्या वेळी वेली पानगळ होऊन झोपी गेलेल्या असतात, त्या वेळी आपल्याकडे वायनऱ्यांची धांदल चालू असते.

तोडणी शक्यतो पहाटे केली जाते. रस थंड करून, पोलादी टाक्यांमध्ये कमी तापमानावर सावकाश आंबवला जातो. बऱ्याचदा टाकी आणखी थंड करून किण्वन वेळेआधीच थांबवतात आणि थोडी नैसर्गिक साखर वाइनमध्ये शिल्लक ठेवतात. म्हणून महाराष्ट्रातील शेनिन ब्लाँची चव बहुधा किंचित गोडसर असते. पिकलेला पेरू, खरबूज, नासपती, थोडासा मध अशा चवी तिच्यात ओळखू येतात. ल्वारच्या वाइनमध्ये याच चवी असतात, पण त्यांना सफरचंदाची आंबट धार आणि ओल्या दगडासारखा एक रुक्ष गंध असतो. दोन्हींची तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा. आपली शेनिन ब्लाँ तरुणपणीच, म्हणजे एक-दोन वर्षांच्या आत प्यावी. ती मुरवत ठेवण्यात अर्थ नाही.

बाटली कशी वाचावी

फ्रेंच बाटलीवर गोडीचे चार शब्द आढळतात. ‘सेक’ म्हणजे कोरडी. लिटरमध्ये साधारणतः ४ ग्रॅमपर्यंत साखर, आम्ल अधिक असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड. ‘म्वालू’ म्हणजे गोड, आणि ४५ ग्रॅमच्या वर ‘दू’ म्हणजे फार गोड. भारतीय बाटलीवर हे शब्द बहुधा नसतात. ‘लेट हार्वेस्ट’ असे लिहिले असेल, तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची ती गोड वाइन आहे असे समजावे.

वाइन थंडच द्यावी, पण बर्फासारखी नव्हे. साधारण ८ ते १० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य. फ्रिजमधून काढल्यावर हिवाळ्यात पंधरा मिनिटे थांबावे. चैत्र-वैशाखात थांबण्याची गरजच नसते. पेल्यात बर्फ घालू नये. वाइन पाणचट होते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते. उरलेली वाइन रश्श्यात किंवा मासे शिजवताना कामी येते.

जुळणीचे साधे नियम

कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, हे शास्त्र गूढ नाही. आपल्याकडे भजीबरोबर चटणी, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आणि मसालेभाताबरोबर मठ्ठा हे जसे ठरून गेलेले आहे, तसेच हे आहे. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तेल-तूप. वाइनमधील आम्ल तोंडातील स्निग्धपणा कापते. भज्यावर लिंबू पिळण्याचा परिणाम होतो तोच येथे होतो. दुसरी, तिखट. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि थोड्या साखरेने शमते. म्हणून तिखट पदार्थाबरोबर कोरडी आणि कडक वाइन टाळावी, किंचित गोड व थंड वाइन घ्यावी. तिसरी, गोडी. पक्वान्न वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन आंबट लागते. गोडाबरोबर त्याहून गोड वाइनच हवी. चौथी, आंबटपणा. चिंच, कोकम, कैरी, टोमॅटो यांच्यापुढे मवाळ वाइन फिकी पडते. शेनिन ब्लाँचे आम्ल येथे उपयोगी येते.

कृष्णाकाठचे ताट

हे नियम आपल्या ताटावर ताडून पाहू.

तळणीचे पदार्थ : कोथिंबीर वडी, कांदाभजी, बटाटेवडा, साबुदाणा वडा यांच्याबरोबर कोरडी किंवा फसफसणारी शेनिन ब्लाँ उत्तम. बुडबुडे आणि आम्ल मिळून तोंड स्वच्छ करतात. मात्र वड्याबरोबरची लसणाची लाल चटणी हात राखून घ्यावी. अळूवडीत चिंच आणि गूळ दोन्ही असतात. तिला किंचित गोड वाइन अधिक साजते.

वाघ्या घेवडा : कोरेगाव तालुक्याचा हा मानबिंदू. दाण्यावरील पट्ट्यांमुळे त्याला ‘वाघ्या’ म्हणतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. रात्रभर भिजवून, नीट शिजवून, आले-लसूण आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण लावलेली त्याची उसळ मऊ व भरीव असते. तिच्याबरोबर कोरडी, पण अंगाने भरलेली शेनिन ब्लाँ चांगली लागते. साताऱ्याच्या आल्याचा तीव्र, ताजा गंध या वाइनच्या फळांच्या गंधाशी सहज मिसळतो. ल्वारच्या मुखापासून दूर नसलेल्या व्हाँदे प्रांतात ‘मोजेत’ नावाचा पांढरा घेवडा लोणी घालून खातात. घेवडा हा मूळचा अमेरिकेतला. तो समुद्रमार्गे दोन्ही खोऱ्यांत पोहोचला आणि दोन्हीकडे शेतकऱ्याचे रोजचे अन्न झाला.

मासे : ल्वारकाठी नदीतील मासा लोणी, कांदा आणि व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसबरोबर खातात आणि सोबत कोरडी शेनिन ब्लाँ घेतात. आपल्याकडे रव्यात घोळून तळलेला पापलेट किंवा सुरमई, तसेच नदीचा मरळ यांना हीच वाइन लागू पडते. तिखट कालवणाला मात्र किंचित गोड प्रकार निवडावा. सोलकढी आणि वाइन एकाच वेळी घेऊ नये; दोहोंचा आंबटपणा एकमेकांना मारतो.

पांढरा आणि तांबडा रस्सा : कोल्हापूर-सांगली भागातील पांढरा रस्सा नारळाचे दूध, काजू-खसखस आणि मटणाचा अर्क यांनी बनतो. तो स्निग्ध असतो व तिखट बेताचे असते. किंचित गोड शेनिन ब्लाँचे त्याच्याशी फार चांगले जुळते. तांबडा रस्सा ही मात्र कोणत्याच पांढऱ्या वाइनची सोबत नव्हे. मिरचीची आग आणि तर्री पुढे आली की वाइनचे नाजूक गंध हरवतात. घ्यायचीच असेल तर तर्री बाजूला सारून, चांगली थंड व गोडसर घ्यावी.

भाकरी आणि भाज्या : कृष्णाकाठची भरली वांगी, शेंगदाण्याचा कूट, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा यांत खमंगपणा, स्निग्धता आणि थोडी गोडी असते. शेनिन ब्लाँला हे सारे मानवते. हिवाळ्यात कोवळ्या ज्वारीचा हुरडा, खोबऱ्याची चटणी आणि दही यांच्याबरोबरही ती शोभते. कारले, मेथी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांच्याशी तिचे जमत नाही. कडू चव वाइनमधील कडवटपणा वाढवते आणि ठेचा तर जिभेला काही समजूच देत नाही.

गोडधोड : पुरणपोळी, श्रीखंड आणि साताऱ्याचे कंदी पेढे यांच्याबरोबर कोरडी वाइन दिल्यास दोन्हींची चव बिघडते. येथे ‘म्वालू’ किंवा उशिराच्या तोडणीचीच वाइन हवी. खरपूस भाजलेल्या खव्याचा गंध आणि गोड शेनिनमधील मधाचा गंध यांचे नाते जवळचे आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साखर न घालता, फसफसणाऱ्या वाइनबरोबर द्यावी.

चीज : ल्वारकाठी बकरीच्या दुधाचे चीज आणि शेनिन ब्लाँ ही जोडी पूर्वापार आहे. ते न मिळाल्यास ताजे पनीर, मीठ-मिरपूड आणि थोडे तेल हा सोपा पर्याय आहे. खारटपणामुळे वाइनचा आंबटपणा सौम्य वाटतो.

बागायतदारांचा हिशेब

वाइनची बाटली टेबलावर येण्याआधी एक प्रश्न बांधावर सुटावा लागतो. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइन उद्योगाला करसवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरवले. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ हा पट्टा खाण्याच्या द्राक्षांसाठी आणि बेदाण्यासाठी आधीपासून नावाजलेला. ‘तास-ए-गणेश’ ही जात तासगावचीच. तेथे वाइनची द्राक्षेही पिकतील, अशी अपेक्षा होती. नाशिकला वाइनचा पसारा वाढला. पलूसला तो तसा वाढला नाही.

यामागचे एक कारण समजण्यासारखे आहे. सांगलीच्या बागायतदाराजवळ थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश असेल, तर त्याला तीन वाटा असतात. भाव चांगला असेल तर माल निर्यातीला किंवा देशांतर्गत बाजारात पाठवावा. भाव पडला तर रॅकवर वाळवून बेदाणा करावा. तोही साठवून ठेवता येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि सौद्याची जुनी पेठही आहे. शेनिन ब्लाँची गोष्ट निराळी. तिचा मणी लहान, बियांचा आणि रसाळ. तो फळाच्या गाडीवर विकला जात नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. तो वायनरीकडेच जायला हवा आणि साखर-आम्ल यांचे प्रमाण योग्य असेल त्याच चार-सहा दिवसांत जायला हवा. गिऱ्हाईक एकच असेल, तर भाव ठरवण्याची शक्तीही त्याच्याकडेच जाते.

याची झळ २००८-०९ मध्ये बसली. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला. वाइनचे साठे पडून राहिले आणि अनेक वायनऱ्यांनी द्राक्षखरेदी कमी केली. नाशिक भागात अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली काढून टाकल्या किंवा त्याच खुंटांवर खाण्याच्या द्राक्षांचे कलम पुन्हा बांधले. पुढे उद्योग सावरला. परंतु त्या वर्षांची आठवण द्राक्षपट्ट्यात आजही निघते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित हेच कारण पुढे करण्यात आले. व्यसनाधीनता वाढेल, या भीतीने त्याला तीव्र विरोध झाला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही.

या अनुभवांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. वाइनची द्राक्षे लावायची तर वायनरीशी लेखी व बहुवर्षीय करार आधी हवा. त्यात किमान भाव, साखरेच्या प्रमाणानुसार वाढीव दर, तोडणीची मुदत आणि पैसे देण्याची तारीख नमूद हवी. खाण्याच्या द्राक्षांचे एकरी उत्पादन दहा टनांच्या पुढे नेता येते. वाइनसाठी ते निम्म्यावर रोखावे लागते, अन्यथा रस पातळ होतो. म्हणजे टनामागील दर त्या प्रमाणात चढा असेल तरच हिशेब जुळतो. मण्यांचा आकार, रंग आणि घडाची विरळणी यांवरील मजुरी मात्र वाचते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ यांच्याकडून लागवडीचे मार्गदर्शन मिळते. सगळी बाग एकाच वेळी वाइनच्या जातीला देऊ नये, एवढे पथ्य तरी पाळावेच.

मर्यादेची गोष्ट

वाइन हेही मद्यच आहे. शेनिन ब्लाँमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः १२ टक्क्यांच्या आसपास असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून दीडशे मिलिलिटरचे पाच पेले होतात. ‘वाइन प्रकृतीला चांगली’ हा समज एकेकाळी रूढ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण, नियमित औषधे घेणारे आणि वाहन चालवणारे यांनी तिच्यापासून दूर राहावे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आणि त्याखालील वयाचे व परवान्याचे नियम वाइनलाही लागू आहेत. ज्या घरात दारूने संसार मोडलेले पाहिले गेले आहेत, तेथे तिला नकार मिळणे स्वाभाविक आहे आणि त्या नकाराचा मान राखला पाहिजे.

ल्वारकाठी वाइन जेवणाबरोबर घेतली जाते आणि जेवणाबरोबरच संपते. पेला रिकामा झाला की पुन्हा भरायचा, ही रीत तेथील घरगुती पंगतीत नसते. एका माणसाच्या वाट्याला एखाद-दोन पेले येतात आणि गप्पा पदार्थांच्या, हवापाण्याच्या आणि यंदाच्या पिकाच्या होतात. ज्यांना शेनिन ब्लाँ चाखायची आहे, त्यांनी वाइनबरोबर ही रीतही उचलावी. प्रथम घेवड्याची उसळ मनाजोगती जमवावी, भाकरी गरम असावी, आणि बाटलीवरील नावाइतकाच ती कोणत्या बागेतून आली याचाही विचार व्हावा. त्या बागेच्या मालकाला द्राक्षांचे पैसे वेळेवर मिळाले असतील, तर ती वाइन खऱ्या अर्थाने आपल्या मातीची म्हणता येईल.